सान इसिद्रो यंदा आमच्या गल्लीतून जाणार नाही

२२ एप्रिल

सान इसिद्रो यंदा आमच्या गल्लीतून जाणार नाही! सकाळी पुरिंग बाई येऊन सांगून गेल्या. शाळेतून निवृत्त झाल्या, पण हुकूम सोडायची सवय काही सुटली नाही. मिरवणुकीच्या मंडळात आता त्याच मुख्य. गल्लीत गटाराचं काम काढलंय, रस्ता कमरेइतका खणलाय, देवाचा रथ न्यायचा कुठून? म्हणून बेकरीपाशी खाली न वळता मिरवणूक सरळ वरच्या आळीनं जाणार.

मी म्हटलं, बाई, पंधरा मेपर्यंत बुजवतील की. त्यांनी माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसं बघितलं. तुम्ही एवढी वर्षं याच रस्त्यांवर प्रवाशांची जीपनी गाडी चालवलीत ना, म्हणाल्या, मग मला काय विचारता?

माझी बायको निदा कपडे वाळत घालत होती. सगळं ऐकलं तिनं. दुपारी ताटावर बसल्यावर एवढंच म्हणाली, "माझ्या नवसाचं काय?"

२३ एप्रिल

नवस आमच्या रोदेलचा. पोरगं पहिल्यांदा बोटीवर नोकरीला चढलं त्या वर्षी वादळात सापडलं, आणि किती दिवस काही खबरबात नाही. घरातल्या देव्हाऱ्यात तेव्हा सान इसिद्रोच होता. निदानं त्याच्यापुढे गुडघे टेकले. म्हणाली, रोदेल बोटीवर आहे तोवर दर पंधरा मेला देवाची स्वारी निघाली की खिडकीतून माझ्या हातचं सुमान, नारळाच्या पानात वळलेला चिकट भात, त्याच्यापुढे पडेल. एक वर्ष चुकायचं नाही.

मी तेव्हा म्हटलं होतं, अगं, हा नांगरवाला देव, शेतकऱ्यांचा. दर्यावर्द्यांचे देव वेगळे असतात. ती म्हणाली, त्या वेळी समोर हाच होता. यावर काय बोलणार?

त्यानंतर एकही वर्ष चुकलं नाही. ताप असताना टाकलं, तिचा हात मोडला होता तेव्हा डाव्या हातानं टाकलं. पोरगं दर वेळी धडधाकट परत आलं. आता कोणी म्हणेल, तांदळाच्या वळकट्या फेकल्या म्हणून बोट तरते का? मी नाही म्हणणार. मला या घरात जेवायचं आहे.

२६ एप्रिल

खणणाऱ्यांकडे जाऊन आलो. त्यांचा मुकादम खड्ड्याच्या कडेला बसून आंबा खात होता. काम कधी संपेल? पाइप आले की. पाइप कधी येणार? काम मंजूर झालं की. मग खणलंत कशाला? तर म्हणे, खणायचं मंजूर झालं होतं.

मला अर्धा आंबा दिला. गोड होता.

२८ एप्रिल

आता वरच्या आळीत कोणाची तरी खिडकी मिळवायची. त्यात काय अवघड, असं मला वाटलं. या गावात पंधरा मेला खिडकी मागितली तर नाही कोण म्हणतं?

आधी पोतेन्स्योकडे गेलो, बेकरीत. दिली म्हणाला, वर कसाव्याच्या गरम केकचा, बुदिनचा, तुकडाही हातावर ठेवला. घरी येऊन सांगितलं तर निदा म्हणते, बेकरीची खिडकी माणसाच्या छातीइतकी. तिथून काय टाकायचं? हातातच द्यायचं झालं तर मी फाटकात उभी राहते.

मग माझी पुतणी लुर्देस. दातांची डॉक्टर, दवाखाना माडीवर, मोठी खिडकी, खाली सगळी आळी दिसते. यावर निदा: दातांच्या डॉक्टरच्या खिडकीतून चिकट भात फेकायचा? लोक म्हणतील, तिचं गिऱ्हाईक वाढवायला आली!

मला हसू आलं. तिला आलं नाही.

१ मे

फुलांचा महिना लागला. पोरी पांढरे कपडे घालून देवळात फुलं उधळायला निघाल्या. निदानं आमचा मोगरा सगळा खुडून दिला, झाड बोडकं झालं.

संध्याकाळी आपणहूनच म्हणाली, "वरच्या आळीत अजून एक खिडकी आहे."

आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, पण नाव कोण काढणार? तिबांगची खिडकी. निदाची सख्खी थोरली बहीण. बेकरीपासून चौथं घर, पण आमच्यासाठी दुसऱ्या बेटावर असल्यासारखं. आई गेली तेव्हापासून दोघींचं बोलणं नाही.

झालं होतं असं. आईच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला घर माणसांनी भरलेलं. तिबांगनं निदाचं सुमान दाबून बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, कच्चं राहिलंय, आईनं असलं कधी ताटात वाढलं नसतं. एवढंच. निदानं गिळायला हवं होतं. पण आई गेलेली, डोकं ठिकाणावर नाही. म्हणाली, तुझ्या पोटी पोर नाही, तुला कोणाला जेवू घालायचं काय कळणार!

मी तिथेच होतो. तिबांगनं आपली शाल उचलली आणि गेली.

बाजारात समोरासमोर आल्या तर एक मासे बघते, दुसरी भाजी बघते. मधल्या काळात तिबांगचा नवरा गेला. निदा अंत्ययात्रेत होती, पण पार मागे.

३ मे

मीच गेलो. तिबांग दारात खुर्ची टाकून बसली होती, गुडघ्यांना आल्याचा लेप. मला बघून म्हणाली, "आलास? ड्रायव्हर पाठवला वाटतं बाईसाहेबांनी."

बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, खणलेला रस्ता, नवस, खिडकी. तिनं ऐकून घेतलं. रोदेलचं विचारलं, कुठे आहे, बरा आहे का, वजन वाढलं का. मुलगा नसला तरी धर्मपुत्र आहे तो तिचा. बाप्तिस्म्याला तिनंच मांडीवर घेतला होता. ब्राझीलच्या बाजूला आहे म्हटलं तर, एवढ्या लांब कशाला जातो मेला, म्हणाली.

मग म्हणाली, "खिडकी उघडी आहे. पण मागायला जिला गरज आहे तिनं यावं. तिला तोंड आहे, चांगलं चालतं, मला ठाऊक आहे."

४ मे

निदाला सांगितलं. सगळं दोनदा सांगायला लावलं. ती बसली होती का, केस किती पांढरे झाले, लेप कसला होता, आवाज कसा होता? मी म्हटलं, मी खिडकी मागायला गेलो होतो, फोटो काढायला नाही.

"मी नाही जाणार," म्हणाली.

मग नवस?

त्यावर आतल्या खोलीत गेली.

७ मे

उकाडा. बानाहाव डोंगर दिवसभर धुरकट. निदा धड जेवली नाही.

८ मे

चौकात महिन्याचा मोठा उत्सव सुरू झाला. ढोल, बांबूच्या कमानी, पोतेन्स्योच्या बुदिनसमोर रांग. शाळेच्या पोरांनी जुन्या बंडाचा देखावा केला. निम्मे स्पॅनिश शिपाई, निम्मे बंडखोर. शिपाई व्हायला कोणी तयारच नव्हतं म्हणे, शेवटी पुरिंग बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. एक शिपाई भर देखाव्यात बंदूक टाकून बंडखोरांत पळाला. टाळ्या त्यालाच सगळ्यात जास्त!

निदाला चल म्हटलं होतं. नको म्हणाली. आधीच्या वर्षी पहिल्या रांगेत बसायची.

९ मे

रोदेलचा फोन. बोट दक्षिणेला चाललीय, लाटा जरा मोठ्या आहेत, काळजी करू नका. मी दोन मिनिटं बोललो, मग निदानं घेतला आणि परड्यात जाऊन कितीतरी वेळ बोलत होती. आत आली ती चेहरा धुऊनच.

लाटा मोठ्या आहेत म्हणे. मला मुळीच आवडलं नाही. नवस-बिवस मी मानत नाही असं मी म्हणत असतो खरा. पण पंधरा तारीख जवळ आली आणि खिडकी नाही, या विचारानं मलाच झोप लागेना. माणूस म्हातारा झाला की कोणाकोणाला घाबरायला लागतो!

१० मे

निदा गेली! मला काही न सांगता चांगला झगा घातला, केस बांधले, म्हणाली, चल. मी चपला शोधेपर्यंत फाटकाबाहेर.

तिबांग खुर्चीत तशीच. निदा पायरीशी थांबली, वर गेली नाही. पोतेन्स्यो बेकरीच्या दारात येऊन पीठ झटकायचं सोंग करत होता.

"आते," निदा म्हणाली. थोरल्या बहिणीला घातलेली हाक. ती हाक मी तिच्या तोंडून ऐकली त्याला जमाना झाला. "मी त्या दिवशी बोलले ते परत घ्यावंसं मला रोज वाटलं."

तिबांग म्हणाली, "रोज वाटलं तर रोज यायचं होतंस. तेव्हा रस्ता खणलेला नव्हता."

तिबांग काठी टेकत उठली, आत गेली. मला वाटलं, संपलं, दार लावणार. पण ती लांबानोगची, नारळाच्या दारूची, बाटली आणि एकच पेला घेऊन आली. आधी स्वतः घेतला, मग त्याच पेल्यात ओतून निदापुढे धरला.

त्या पेल्याला कोणी नाही म्हणत नाही. नाही म्हटलं तर आयुष्यभराचं वैर. निदा ही दारू शिवतसुद्धा नाही, मला वासावरून शिव्या घालते. तिनं डोळे मिटून सगळा पेला घशाखाली घातला आणि असा ठसका लागला की तिबांगला तिची पाठ चोळावी लागली. चोळता चोळता म्हणते, "सुमान कच्चं होतंच पण त्या दिवशी."

"होतं," निदा म्हणाली, ठसक्यात. "चूल विझली होती."

मला पेला मिळाला नाही. दोघी विसरल्या.

१२ मे

झावळ्या आणायला गेलो. कोवळ्या पानांच्या पट्ट्या काढून दोन भारे तिबांगच्या दारात टाकले. दोघी त्यांच्या नळ्या वळत बसल्या. आपल्यालाही कोणी चहा विचारील असं वाटलं होतं.

१४ मे

तिबांगच्या परड्यात चूल. चिकट तांदूळ रात्रभर भिजलेले, नारळाचं दूध, मीठ. मिठावरून भांडण. नळी किती भरायची यावरून भांडण, एक म्हणते घट्ट, दुसरी म्हणते घट्ट भरलं तर आत शिजणार कसं, तुझा तो नववा दिवस आठव. झालं, पुन्हा पेटलं, म्हटलं. पण निदा हसली, आणि तिबांगही.

दोन दोनच्या जोड्या बांधल्या. कोणती कोणी बांधली हे आता त्यांनाही सांगता येणार नाही. शिजल्यावर तिबांगनं पहिली जोडी सोडून एक नळी दाबून बघितली, मग निदाच्या तोंडात घातली.

संध्याकाळी मी खिडकीबाहेर बांबू वाकवून बांधले, त्यावर सुमानच्या माळा. आळीतली सगळीच घरं तशी लगडलेली. घरी परतलो तर आमची गल्ली उघडीबोडकी, खड्ड्यात पाणी आणि बेडूक.

१५ मे

लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

जेवणं झाल्यापासूनच आळीत गर्दी. लोक डोक्यावर हेल्मेट घालून, छत्र्या उलट्या धरून, टोपल्या घेऊन. आम्ही तिघं वरच्या खिडकीत. तिबांगला खुर्ची, निदा उभी, मी मागे टोपल्या पुढे सरकवायला.

बँडचा आवाज आला. रेडे आले, शिंगांना फुलं. मग वळणावर पहिला रथ दिसला, आणि निदानं सुरुवात केली! दोन्ही हातांनी, जोडीवर जोडी. खाली एकच आरडाओरडा, माणसं एकमेकांवर. मी टोपल्या सरकवतोय. बांबूवरच्या माळाही तिनं तोडून टाकल्या.

तिबांग ओरडली, "अगं ती बायको त्याची! नवरा मागून येतोय!"

खरंच. पुढच्या रथावर सान्ता मारिया दे ला काबेसा, सान इसिद्रोची बायको. दर वर्षी तीच आधी निघते. आमच्या गल्लीत कोपऱ्यावरचा विजेचा खांब आहे. पहिला रथ त्याच्या पलीकडे गेला की दुसऱ्यासाठी तयार व्हायचं, हे निदाच्या अंगात भिनलेलं. इथे खांब नाही आणि मोतीबिंदूनं तिला लांबचं धुरकट. झगा आणि फुलं दिसली, तिला तोच वाटला.

सगळं गेलं होतं. बांबू रिकामा, टोपल्या रिकाम्या. आणि वळणावर सान इसिद्रो, नांगर आणि देवदूत घेऊन, सावकाश.

माझं तर काळीज थांबलं. डोळ्यांपुढे रोदेल, त्या मोठ्या लाटा. मला वाटलं, निदा आता मटकन खाली बसेल, रडेल. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसत सुटली! खिडकीची चौकट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो. "सगळं बायकोलाच दिलं," म्हणते. "सगळं बायकोलाच!"

तिबांगनं काठीनं तिला टोचलं. पलंगाखाली ठेवलीय एक टोपली, काढ, म्हणाली. माझ्या वाट्याची, शेजारणींना द्यायची. मी गुडघ्यावर बसून ओढून काढली. ही माझ्या हातची कुठे, असं निदा म्हणायला लागली, तर तिबांग म्हणाली, "नळ्या कोणी वळल्या ते देवाला विचार. फेक!"

दोघींनी मिळून फेकल्या. तिबांग खुर्चीतून उठून उभी राहिली, निदानं तिला कमरेशी धरलं. एक जोडी नेमकी रथावर, सान इसिद्रोच्या पायांशी पडली. खालचे लोक ओरडले. पुरिंग बाई रथाशेजारी चालत होत्या, त्यांच्या छत्रीवर दोन आदळल्या. मी बघितलं, त्यांनी त्या हळूच पिशवीत टाकल्या.

नवस पार पडला. पोरगं सुखरूप राहील. मी मानत नाही, पण राहील.

१६ मे

खांदे दुखतात. तिघांचेही. उरलेलं एकच सुमान तिबांगनं नारळाला बांधायला लावलं, भरपूर धरावं म्हणून. त्या झाडाला गेली कित्येक वर्षं काही धरलेलं नाही. मी बांधलं.

१८ मे

रोदेलचा फोन आला. निदा तिबांगकडे गेली होती, म्हणून मीच घेतला. म्हणाला, बरं झालं तुम्हीच आहात ताताय, मला तुमच्याशीच बोलायचं होतं.

पोरगं बोटीवर नाही! नाताळनंतर चढलाच नाही. वैद्यकीय तपासणीत साखर निघाली, कंपनीनं घेतलं नाही. तेव्हापासून काविते गावात एका दुकानात बर्फाची कपाटं म्हणजे फ्रीज दुरुस्त करतोय. आईला काय सांगू, तिनं माझ्या बोटीसाठी एवढं केलं, म्हणून म्हणे सांगितलं नाही. मोठ्या लाटा, दक्षिणेचा वारा, सगळं मनचं.

रागावलो. मग तब्येतीचं विचारलं. गोड बंद कर म्हटलं. ठेवताना म्हणाला, आईला तुम्ही सांगा.

म्हणजे हा नवस बोटीवर नसलेल्या माणसासाठी! खिडकीसाठी दारोदार फिरलो, तिनं मान खाली घातली, दारू प्यायली, माझं काळीज थांबलं ते आणखी वेगळंच. आणि पोरगं कोरड्या जमिनीवर कपाटं उघडून बसलंय.

तिला कसं सांगू? कोसळेल.

१९ मे

आज सांगणार होतो. सांगितलं नाही.

२० मे

सांगितलं. निदा शेंगा निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "जानेवारीपासून ठाऊक आहे. पहिल्याच फोनला मागे कोंबडा आरवला. समुद्रात कोंबडा कुठून आला?"

मग एवढा सगळा खटाटोप कशाला केलास, मी विचारलं. पोतेन्स्योची खिडकी नको, लुर्देसची नको!

तिनं शेंगा बाजूला ठेवल्या, झग्याला हात पुसले. "आतेचे गुडघे फार सुजलेत," म्हणाली. "तिला जिने चढवत नाहीत. पुढल्या वर्षी तांदूळ तिच्याकडेच भिजवायचे."